सांगली, कर्नाळ रोड: पुराच्या वेळी घर किती फुटांना सोडायचं, आणि पिशवीत काय भरायचं?

कर्नाळरोडकर विचारते:

नमस्कार. कर्नाळ रोडला आमचं तळमजला आणि वर एक मजला असं घर आहे. 2019 ला हॉलच्या फरशीवर 3 फूट पाणी होतं, 2021 ला जेमतेम अर्धा फूट. पण 2021 ला घरात अर्धाच फूट असताना गल्लीच्या तोंडाशी कमरेएवढं, म्हणजे 3 फुटांच्या आसपास पाणी होतं.

घरात पाच माणसं: सासू (इन्सुलिन चालू), सासरे (गुडघ्यांचा त्रास, काठी घेऊन चालतात), आम्ही दोघं आणि दोन वर्षांची मुलगी. शिवाय एक कुत्रा. सासऱ्यांचं म्हणणं, "वरचा मजला आहे, आठ दिवसांचा शिधा भरून ठेवू, कशाला कुणाच्या दारात जायचं?" मला ते पटत नाही, पण त्यांना पटेल असं आकड्यांत सांगता येत नाही.

दोन प्रश्न. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं की निघायचं? आणि पाच जणांसाठी सामान नेमकं काय आणि किती? जून लागायच्या आत सगळं ठरवून कपाटावर कागद चिकटवायचा आहे.

---

फूटपट्टी:

ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. आयर्विनला इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते आकडे शहरासाठी आहेत. तुमच्या उंबऱ्याचा आकडा वेगळा, आणि तो काढता येतो.

2019 ला आयर्विनची कमाल पातळी साधारण साडेसत्तावन्न फूट होती. तुमच्याकडे 3 फूट पाणी, म्हणजे फरशी साडेचोपन्नला. 2021 ला पातळी जवळपास 55 फूट आणि तुमच्याकडे अर्धा फूट, म्हणजे पुन्हा साडेचोपन्नच. दोन्ही पुरांचा हिशेब जुळतोय, तेव्हा हा आकडा धरून चाला. नदीच्या पाण्याला उतार असतो, नाल्यांतून फुगवटा येतो, त्यामुळे अर्धा-पाऊण फूट इकडेतिकडे होईल. एवढी चूक चालते.

आता महत्त्वाचा आकडा. 2021 ला गल्लीच्या तोंडाशी 3 फूट पाणी होतं, म्हणजे तिथला रस्ता 52 ला. घर बुडायच्या अडीच फूट आधी तुमची वाट बंद होते. सासऱ्यांना हेच दाखवा: फरशी कोरडी असताना तुम्ही अडकलेले असता. कर्नाळ रोडला पाणी नदीच्या काठावरून चालत येत नाही, शेरी नाल्यातून आणि गटारांतून मागे चढतं. त्यामुळे खिडकीतून नदीकडे बघून काही कळत नाही.

52 पासून मागे या. सामान आवरायला, गाडी मिळायला, म्हाताऱ्या माणसांना बसवायला 4 तास. रात्री कुणाला हलवायचं नाही, म्हणून 10 तास आणखी. पाण्याचा वेग अचानक वाढला किंवा गाडी आलीच नाही, तर त्यासाठी 10 तास. झाले 24 तास. पाणी ताशी 3 इंच चढत असेल तर 24 तासांत 6 फूट, म्हणजे 46 ला निघायला हवं. ताशी 6 इंच चढत असेल तर 12 फूट, म्हणजे 40 ला. नुसते फूट बघू नका. दर तीन तासांनी पातळी वहीत लिहा आणि चढ काढा.

तुमच्या कागदावर हे लिहा:

38 फूट: पिशव्या दाराशी, गाडीत पेट्रोल, ज्यांच्याकडे जायचं त्यांना फोन.
40 फूट आणि पाणी चढतंय: सासू, सासरे, मुलगी आणि एक मोठं माणूस निघतं. पावसाचा जोर ओसरलाय असं वाटलं तरी निघतं.
45 फूट: उरलेले घर बंद करून निघतात. चढ ताशी 4 इंचांवर असेल तर 43 लाच.
सायंकाळी 5 वाजता पातळी 38 च्या वर असेल आणि वरून विसर्ग वाढल्याची बातमी असेल, तर रात्र घरात काढायची नाही.

वरून म्हणजे कुठून? पाटबंधारे विभाग रोज जी पातळ्यांची यादी काढतो, ती कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ अशी खाली येते. बहे आणि भिलवडीला पाणी फुटाफुटाने चढत असेल तर आयर्विन तिथल्या तिथे असला तरी फसू नका, ते पाणी वाटेत आहे. कोयना धरणाचं बघताना पायथा वीजगृहातून येणारे 2100 क्युसेक (सेकंदाला घनफूट) हिशेबात धरू नका, धरणाच्या वक्र दरवाजांतून किती सुटतंय ते बघा. कोयना, नवजा, महाबळेश्वर या तिन्ही ठिकाणचा 24 तासांचा पाऊस बघा. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पडला होता. तसा दिवस उजाडला की 40 फुटांची वाटसुद्धा बघायची नाही.

खालची बाजूही विसरू नका. वारणा हरिपूरला मिळते आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. त्या दोघी फुगलेल्या असल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, कोयनेचा विसर्ग कमी झाला तरी आयर्विन लवकर उतरत नाही.

जायचं ते विश्रामबाग–मिरज बाजूला. अंकलीवरून कोल्हापूरकडे किंवा सांगलीवाडीतून इस्लामपूरकडे निघायचा बेत ठेवू नका, ते रस्ते पुरात बंद होतात.

---

पिशवी_तयार:

फूटपट्टी यांनी वेळेचं सांगितलंय, मी सामानाचं लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे वजन. लोक एक मोठी ट्रंक भरतात आणि ती दोघांनाही उचलत नाही. प्रत्येक मोठ्या माणसाची पाठीवरची सॅक, 7 ते 8 किलोच्या आत. सासूबाईंची 3 किलोच्या आत. सासऱ्यांच्या पाठीवर काहीच नको, काठी आणि मोकळा हात. मुलगी कुणाच्या कडेवर असणार ते आत्ताच ठरवा, त्या माणसाची सॅक निम्मी.

पाणी: माणशी दिवसाला 3 लिटर धरतात. पाच जणांचे 15 लिटर म्हणजे 15 किलो, हे पाठीवर होत नाही. प्रत्येकाच्या सॅकमध्ये 1 लिटरची बाटली, आणि गाडीत 20 लिटरचा एक जार. शिवाय क्लोरिनच्या गोळ्यांची एक पट्टी. एक गोळी किती लिटरला हे पाकिटावर असतं आणि कंपनीगणिक बदलतं, तेव्हा पाकीट फेकू नका. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, आधी चार पदरी सुती कापडातून गाळा. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा.

खाणं: तीन दिवसांचं, चूल न पेटवता खाता येईल असं. भडंग, फुटाणे, शेंगदाणा लाडू, राजगिरा वडी, खाकरा, खजूर. पातळ पोहे अर्धा किलो ठेवा, थंड पाण्यातही भिजतात. मॅगी-खिचडीची पाकिटं घरीच राहू द्या, शिबिरात पहिल्या दिवशी गरम पाणी मिळेलच असं नाही. तिखट-खारट कमी, तहान वाढते. मुलीसाठी दूध पावडर, तिचं नेहमीचं खाणं, वाटी-चमचा. दोन वर्षांचं पोर नवीन चव तोंडात घेत नाही, म्हणून जे रोज खाते तेच.

कागदपत्रं: मूळ प्रती एका झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या जाड प्लास्टिकमध्ये, आणि ती तुमच्या अंगावर, सॅकमध्ये नाही. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, घरपट्टीची पावती, वीजबिल, घराचा उतारा, विमा पॉलिसी, गाडीचं आरसी, गॅसचं पुस्तक. झेरॉक्सचा एक संच ज्यांच्याकडे जाणार त्यांच्याकडे आधीच देऊन ठेवा. पंचनाम्याच्या वेळी आधार आणि पासबुक जवळ नसलं की फेऱ्या वाढतात.

रोख 5000 रुपये, 20, 50 आणि 100 च्या नोटांत. टॉवरची बॅटरी संपली की यूपीआय बंद, आणि 500 ची मोड कुणी देत नाही.

बाकीचं: 10000 एमएएचची पॉवर बँक (यात फोन साधारण सव्वा-दीडदाच भरतो, बाहेर लिहिलंय तेवढं मिळत नाही), साधा बटणांचा फोन चार्ज करून, दोन टॉर्च, शिट्टी, 15 मीटर नायलॉनची दोरी, मेणबत्त्या-काडेपेटी डब्यात, सॅनिटरी पॅड, मुलीचे डायपर, प्रत्येकी दोन कपडे प्लास्टिकमध्ये, एक चादर. छत्री नको, रेनकोट. पायात मागे पट्टा असलेली सॅन्डल. स्लीपर पाण्यात निघून जाते आणि गमबूटात पाणी भरलं की पाय उचलत नाही. कागदावर आठ-दहा नंबर हाताने लिहून ठेवा: 112, 108, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077 आणि घरच्यांचे. कुणाला नंबर पाठ असतात आता?

सासूबाईंचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात.

---

औषधाचा_दुकानदार:

वरचं सगळं उत्तम, फक्त शेवटची ओळ कृपया पाळू नका. इन्सुलिन बर्फाला चिकटून गोठलं की निकामी होतं आणि वितळल्यावर बघून कळतही नाही. मग साखर उतरत नाही आणि कारण सापडत नाही.

चालू असलेली कुपी किंवा पेन साध्या सावलीच्या जागी साधारण 28 दिवस टिकतं, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवलं नाही तर. पुराच्या दिवसांत हवा थंडच असते. न उघडलेला साठा न्यायचा असेल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, त्यावर टॉवेलची घडी, वर इन्सुलिन. मुक्काम लांबला तर मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू आणि त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं. सोबत सुया, ग्लुकोमीटर, 50 पट्ट्या, आणि साखरेची पुडी. पुडी यासाठी की शिबिरात जेवणाची वेळ हुकते, इन्सुलिन मात्र सवयीने वेळेवर टोचलं जातं, आणि साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की तीन चमचे साखर पाण्यातून. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, 108.

बाकी गोळ्या 15 दिवसांच्या, पट्टीसकट. सुट्या गोळ्या डबीत भरून आणल्या की दुसरा डॉक्टर काय ओळखणार? डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आणि झेरॉक्स. ओआरएसची 10 पाकिटं, मोठं पाकीट 1 लिटरला एक. अर्ध्या लिटरमध्ये कालवू नका, लहान मुलाला त्याने अपाय होतो. पॅरासिटामॉल, मुलीचं सिरप मापाच्या झाकणासकट, बँडेज, आयोडीनचं मलम.

पुराच्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका असतो. डॉक्सिसायक्लिन दिलं जातं, पण ते डॉक्टरांना विचारून. लहान मुलांना आणि गरोदर बाईला स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

---

वायरमन_मिरज:

घर बंद करताना लोक मेन स्विच पाडतात आणि निर्धास्त होतात. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरच तो सुरू होतो! त्या लाइनवर 230 व्होल्ट येत राहतात आणि खालच्या सॉकेटला पाणी लागलं की पाण्यात करंट. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, मग बॅटरीची काळी वायर काढा, नंतर लाल. बॅटरी 50 किलोच्या वर असते, ऐनवेळी वर नेणं होत नाही. मे महिन्यातच वरच्या मजल्यावर हलवून घ्या. गच्चीवर सोलर असेल तर उजेड असेतोवर पॅनलपासून खाली येणाऱ्या वायरीत दाब असतोच, त्याचा डीसी स्विच वेगळा पाडायचा.

गॅस: रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि टाकी वर न्या. नेता आली नाही तर खिडकीच्या गजाला साखळीने बांधा. भरलेली टाकी बुडेल असं वाटतं, पण 14.2 किलोची भरलेली टाकी लोखंडासकट 30 किलोच्या आसपास भरते आणि त्याहून जास्त पाणी बाजूला सारते. तरंगतेच. रिकामी तर बाटलीसारखी पळते.

फ्रीजसुद्धा तरंगतो, आणि पाणी ओसरताना दाराआड आडवा पडतो. मग परत आल्यावर दार उघडत नाही, कटरने कापावं लागतं. रिकामा करून दोरीने उभा बांधून ठेवा.

संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर प्लास्टिक पिशवीत भरलेली वाळू, निम्मं पोतं प्रत्येकी. पहिलं पाणी दारातून येत नाही, तिथून येतं. दाराशी पोती रचून दोन फुटांपर्यंत अडवता येईल. त्यापुढे बाहेरच्या पाण्याचा सगळा दाब भिंतीवर येतो, जुन्या विटांच्या घरात भिंत बसते. आत आलेलं पाणी बरं.

गच्चीवरची टाकी वीज जायच्या आत भरून झाकण तारेने बांधा. परत आल्यावर चिखल धुवायला तेच पाणी असतं, कारण खालची मोटर गेलेली असते.

---

वरच्या_मजल्यावर:

सगळे निघा निघा म्हणताय, पण धडधाकट माणूस वर थांबला तर बिघडलं कुठे? रिकामी घरं बघून चोऱ्या होतात. 2021 सारखा पूर असेल तर तुमच्या तळमजल्यात अर्धा फूट. त्यासाठी पाच जणांनी घर सोडायचं? आणि दरवेळी 45 ला निघून पाणी 47 वरून उतरलं की पुढच्या वेळी घरचे ऐकतच नाहीत.

---

फूटपट्टी:

शेवटचा मुद्दा खरा आहे, तो मी मान्य करतो. चार वेळा निघाल तर दोन-तीनदा पाणी घरापर्यंत येणार नाही. ते आधीच घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे कुणी "बघ, उगाच निघालो" म्हणणार नाही. एका फेरीचा खर्च म्हणजे टेम्पो आणि दोन दिवसांची गैरसोय.

थांबण्याचं मात्र पटत नाही. 2019 ला पाणी चढायला आणि उतरायला मिळून आठवड्याच्या वर गेला. वरच्या मजल्यावर पहिली अडचण संडासाची येते: खालची सेप्टिक टाकी पाण्याखाली गेली की वरचं भांडं दुसऱ्या दिवशी तुंबतं. मोटर नाही, वीज नाही, फोन बंद. मग तिसऱ्या दिवशी बोट मागवायची. त्या वेळी बोटी ज्यांना निघताच आलं नाही त्यांच्यासाठी लागतात. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढलेली बोट उलटली, त्यात बायका-मुलं गेली. बोटीत चढायची वेळच येऊ नये म्हणून 45.

एवढंही करून कुणी थांबणारच असेल तर एकटा नको, दोघं, दोघांनाही पोहता येणारे, लाइफ जॅकेट, 40 लिटर पाणी, झाकणाची बादली आणि पिशव्या संडासासाठी. गच्चीवर जायचा जिना घरातून असला पाहिजे. आणि 1077 ला पत्ता आणि माणसं किती ते कळवून ठेवायचं.

चोरीसाठी: दागिने आधीच लॉकरमध्ये. निघताना प्रत्येक खोलीचा, उघड्या कपाटांचा, टीव्ही-फ्रीजच्या मागच्या नंबरचा व्हिडिओ काढा. तोच विम्याला आणि पंचनाम्यालाही चालतो. घरविमा असेल तर पूर त्यात धरलाय का ते पावसाळ्याआधी बघा. बुडालेली गाडी स्टार्ट करून बघू नका. इंजिनात पाणी असताना फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमा कंपनी ते नुकसान नाकारू शकते. दुचाकी-चारचाकी 38 फुटांनाच विश्रामबागला नेऊन लावा.

---

गोठा_भिलवडी:

प्रश्न शहरातला आहे, पण हा धागा गावाकडचेही वाचतील म्हणून लिहितो. माणसं घर सोडत नाहीत ती बरेचदा जनावरांपायी. म्हणून जनावरं माणसांच्या आधी, दिवसभर आधी. छोट्या टेम्पोत दोनच मोठी जनावरं, पायाखाली पाचट किंवा वाळू टाका, नाहीतर घसरून पाय मोडतो. घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या, छावणीत सगळ्या गावची जनावरं एकत्र येतात. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा प्रत्येकाचा फोटो काढा, भरपाईला लागतो. वाळकी वैरण मोठ्या जनावराला दिवसाला 6 किलो धरा, पाच दिवसांची सोबत. भिजलेली पेंड खायला घालू नका, बुरशी धरते.

नेता आलंच नाही तर दावं सोडा. जनावर बराच वेळ पोहतं, पण दाव्याला बांधलेलं गोठ्यातच बुडतं.

---

कर्नाळरोडकर:

सगळ्यांचे आभार. साडेचोपन्न आणि 52 चा हिशेब सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी स्वतः उठून गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावरची 2021 ची खूण मोजली: 3 फूट 2 इंच. आता म्हणतात 40 ला निघू, पण कुत्र्याला शिबिरात घेत नाहीत असं ऐकलंय. त्याच्यासाठी मागे राहायला तयार आहेत!

---

फूटपट्टी:

3 फूट 2 इंच म्हणजे रस्ता 52 च्याही थोडा खालीच. कागदावर 51 पूर्णांक 8 लिहा, सोबत खूण मोजल्याची तारीख.

---

पिशवी_तयार:

बऱ्याच शाळांत कुत्रा आत घेत नाहीत, पटांगणात बांधू देतात, तेही तिथल्या माणसांवर. म्हणून विश्रामबाग किंवा मिरजेत त्याच्यासाठी वेगळं घर आत्ताच बघा आणि त्याला 38 फुटांच्या फेरीत गाडीबरोबर पाठवा, म्हणजे काकांना थांबायचं कारण उरणार नाही. सोबत रेबीजच्या लसीचं कार्ड, पट्टा, तोंडाची जाळी (घाबरलेला पाळीव कुत्राही चावतो), पाच दिवसांचं खाणं, त्याच्या वासाचं एखादं जुनं पोतं. पट्ट्यावर मार्करने तुमचा मोबाईल नंबर.